मूठभर तांदूळ आणि तीन तासांचा गोंगाट

आमचे शेजारी दिगांबरभाऊ राऊत यांच्या घरी रविवारी सकाळी जायचं असेल, तर हातात मूठभर तांदूळ लागतात. दारातच एक पितळी डबा ठेवलेला असतो. त्यात मूठ रिकामी केल्याशिवाय भाऊ चप्पल काढू देत नाहीत. आत सत्यनारायण नसतो की भागवत सप्ताह नसतो. आत टीव्हीवर गोरे लोक गिटारी बडवत किंचाळत असतात.

ही एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी कुठल्याशा देशात दुष्काळ पडला, लोक उपाशी मरू लागले, म्हणून परदेशातल्या नामांकित गायक-वादकांनी त्यांच्या मदतीसाठी एका मैदानात दिवसभर धुमाकूळ घातला. आपल्याकडे तो टीव्हीवर दाखवला, तेव्हा भाऊंनी व्हीसीआर भाड्याने आणून त्यातले तीन तास भरून घेतले. पुढे तसलाच व्हीसीआर विकतही घेतला. तेव्हापासून दर रविवारी दहाला ते हे तीन तास पाहतात. मी बोरगाव मेघेच्या या गल्लीत चार वर्षांपूर्वी राहायला आलो. एवढ्या काळात भिंतीपलीकडून तो कार्यक्रम ऐकून ऐकून उपाशी लोकांबद्दलची माझी सहानुभूती पार आटली आहे.

मी शाळेत मराठी शिकवतो. रविवारची सकाळ ही माझी निबंध तपासायची वेळ. ‘माझा आवडता पक्षी’ वाचत असताना शेजारून ढोल-ताशे कोसळत असतील, तर मुलांना मार्क कमीच पडणार. त्याला माझा इलाज नाही.

भाऊंचा धंदा पंपाच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करून देण्याचा. पार पवनारपासून शेतकरी त्यांच्याकडे मोटारी घेऊन येतात. व्हीसीआरही ते स्वतःच दुरुस्त करतात. त्याचा पट्टा सायकलच्या ट्यूबमधून कापलेला आहे. इंग्रजीचा एक शब्द कळत नाही, पण प्रत्येक गायकाला त्यांनी नाव ठेवलंय. एक ‘बिनआंघोळीचा’, एक ‘उडता’, एक ‘जावई’. जावई का, तर तो स्टेजवर येतो तोच रुसलेला.

“पाहा, पाहा जी, आता जावई येऊन राह्यला!” असं ते ओरडतात. गल्लीतले दोन-तीन म्हातारे पोह्यांच्या आशेने बसलेले असतात. ते माना डोलवतात. त्यांनाही काही कळत नाही.

मी एकदाच गेलो होतो, तोही तक्रार करायला, आणि तत्त्व म्हणून रिकाम्या हाताने.

“तांदूळ काऊन नाई आनले, सर?”

“मी फक्त आवाज कमी करा म्हणायला आलोय.”

“आले ना पन? पोट भरलेल्या मानसानं उपाश्यांचा कार्यक्रम फुकट नाई पाहाचा.” असं म्हणून त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातून माझ्या नावाची मूठ आणून डब्यात टाकली आणि आवाज आणखी वाढवला. डबा भरला की तो ते सायकलवर सावंगीला नेतात. तिथे दवाखान्यात पेशंटसोबत आलेल्या, उघड्यावर चूल मांडलेल्या नातेवाइकांना तांदूळ वाटून येतात. कार्यक्रम कुठल्या देशासाठी, तांदूळ कुठे!

खरा कहर मात्र शेवटी व्हायचा. कार्यक्रम संपला की म्हातारे घरी जात, भाऊ दार लावून घेत आणि मग भिंतीपलीकडून त्यांचा एकट्याचा आवाज यायचा. “उजवा! उजवा पाय! उजवा लाव ना!” दर रविवारी, न चुकता. ढोल वाजवणाऱ्या गोऱ्याला पायाने काहीतरी बडवावं लागतं, हे मी पाहिलं होतं. वर्ध्यात बसून हा माणूस त्याला वाजवायला शिकवतो, असा मी निष्कर्ष काढला आणि स्टाफरूममध्ये तो किस्सा रंगवून रंगवून सांगितला. लोक पोट धरून हसले.

या उन्हाळ्यात कॅसेट आजारी पडली. चित्रावर पांढरे पट्टे यायला लागले. फीत आत गुंतायला लागली. भाऊ आठ दिवस दुकानात गेले नाहीत. व्हीसीआर उघडून त्यापुढे बसून राहिले. शेवटी मीच म्हणालो, “द्या इकडे. वर्ध्याच्या स्टुडिओतून पेनड्राइव्हवर घेऊन देतो.” यात परोपकार नव्हता. पेनड्राइव्हवर आला की कार्यक्रम पळवता येईल आणि माझे दोन तास वाचतील, एवढाच हिशेब.

स्टुडिओवाल्याचा फोन आला तेव्हा मी निबंधात बुडालो होतो. “सर, कार्यक्रम घेतला. शेवटी अर्धा मिनिट कुणाच्या तरी लग्नाचं आहे. ठेवायचं का?”

“कुणाचं लग्न? कापून टाका,” मी म्हणालो.

“आणि कॅसेट आता परत चालायची नाही. फीत तुटली.”

“सुटलो,” मी म्हणालो.

त्या रविवारी भाऊंनी मला आग्रहाने बसवून घेतलं. तीन तास मी सोसले. कार्यक्रम संपला, म्हातारे उठले. भाऊ उठले नाहीत. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि काळ्या पडद्याकडे बघत राहिले.

“सर, पुढचं?”

“पुढे काही नव्हतं. कुणाचं तरी लग्न होतं, ते काढून टाकलं.”

“माह्यंच होतं ना जी,” भाऊ म्हणाले.

रागावले असते तर बरं झालं असतं. ते पुसत बसले. चष्मा नाही, डोळे नाही. रिमोट पुसत बसले. मग त्यांनी सांगितलं. कार्यक्रम भरायच्या घाईत हाताला आली ती कॅसेट घातली आणि ती निघाली वर्षभरापूर्वीच्या लग्नाची. सगळं लग्न पुसलं गेलं. शेवटी लाइन गेली, म्हणून वहिनींच्या गृहप्रवेशाचा तेवढा तुकडा वाचला.

“घाबरत घाबरत सांगतलं तिले. चिडली नाई. म्हने, उपाश्यांसाठी माह्यं लग्न पुसलं ना, आता हे पूर्न पाहाचं, मंग मी दिसन. अन् दर येळी मूठभर तांदूळ काढून ठेवाचे. हे तुमची शिक्षा.” भाऊंनी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. “आता सहा वर्सं झाले. तवापासून तेवढ्यातच चालते-फिरते ती.”

मी स्कूटरला किक मारली ती थेट स्टुडिओत. मराठीचा मास्तर मी, पण वाटेत स्वतःला दिलेल्या शिव्या पुस्तकात सापडायच्या नाहीत. स्टुडिओवाल्याने शांतपणे कॉम्प्युटर उघडला. “आहे ना सर. न कापलेलं आम्ही महिनाभर ठेवतो. लोक कापायला सांगतात आणि मग रडत येतात.” तो माझ्याकडे बघून हसला. मीही हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

पुढच्या रविवारी मी मूठभर तांदूळ घेऊन गेलो. चार वर्षांत पहिल्यांदा. भाऊंनी डब्याचं झाकण उघडून धरलं.

“हे बटण दाबलं की थेट शेवटी जाता येतं,” मी रिमोट दाखवत म्हणालो.

“थेट नाई जाचं, सर. शिक्षा आहे ते.”

मग काय, बसलो. बिनआंघोळीचा आला, उडता आला, जावई रुसून गेला. तो गोंगाट होता आणि अजूनही गोंगाटच आहे. माझं मत बदललेलं नाही. म्हातारे गेले. पडदा काळा झाला आणि मग फिकट, हलत्या चित्रात उंबरा दिसला. उंबऱ्यावर तांदळाने भरलेलं माप आणि हिरव्या शालूतली एक बारीकशी मुलगी. बायका तिला काहीतरी सांगत होत्या. तिने पाय उचलला.

“उजवा! उजवा पाय!” भाऊ ओरडले.

“उजवा लावा, वहिनी!” मीही ओरडलो.

तिने डावाच लावला. तांदूळ पार ओसरीभर उडाले आणि ती तोंडाला पदर लावून हसली.

“पाह्यलं?” भाऊ म्हणाले. “कधीच आयकलं नाई तिनं.”