अकरा दारं आणि एक जिना

आपण शिकवलेलं लोक एवढं मनावर घेतील, असं वकीलबाईंना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी त्यांनी या तीन मजली इमारतीतल्या अकरा बिऱ्हाडांना गच्चीवर जमवून धडे दिले होते. मालकाला इमारत रिकामी हवी होती आणि त्याची माणसं रोज नवं सोंग घेऊन येत होती. तेव्हा नियम ठरले. अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही, कशावर सही करायची नाही, आत असल्याची चाहूलसुद्धा लागू द्यायची नाही. लोकांनी रीतसर तालमी केल्या. तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू भाडेकरू समितीच्या चिटणीस. दारावर थाप पडली की त्या मशीनचं चाक हाताने धरून जागच्या जागी थांबवायच्या.

याचा परिणाम असा झाला की कोर्टाचा बेलिफ चारदा येऊन गेला आणि चारही वेळा त्याने लिहिलं, 'इमारतीत कोणी राहत नाही.' मालकाला आयतंच कोलीत मिळालं. इमारत रिकामीच आहे तर ताबा देऊन टाका, म्हणून तो कोर्टात गेला. कोर्टाने बेलिफाला एक शेवटची पाहणी करायला सांगितली. ती आज चार वाजता. आजही कोणी दिसलं नाही, तर आठवड्याभरात अकरा बिऱ्हाडं रस्त्यावर.

हे वकीलबाईंना कळलं दुपारी तीनला, दुसऱ्याच एका खटल्यात उभ्या असताना. तोवर फोनने मान टाकली होती, बोलून बोलून घसा बसला होता आणि पोटात सकाळच्या अर्ध्या कप चहाशिवाय काही नव्हतं. दोन बस बदलून त्या इमारतीत पोचल्या आणि काकूंचं दार ठोठावलं. आत घरघरणारं मशीन गप्प झालं.

"काकू, मी आहे! दार उघडा!" घशातून जो आवाज निघाला तो त्यांचा त्यांनाही ओळखू आला नाही.

आत चिडीचूप.

"अहो, मी तुमची वकील!"

दाराखालच्या फटीतून एक कागद सरकत बाहेर आला. त्यांनीच छापून वाटलेले नियम. चौथ्या नियमाखाली लाल रेघ मारलेली होती. 'मी तुमची वकील आहे असं सांगणाऱ्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नये.' खाली सही त्यांचीच.

मग त्या तिसऱ्या मजल्यापर्यंत गेल्या. अकरा दारं वाजवली. एका दाराआड कोणीतरी शिंक दाबली, एका घरात रडणारं पोर बटण बंद करावं तसं गप्प झालं. वकीलबाईंना संताप आला, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. एवढे तयारीचे अशील त्यांना उभ्या आयुष्यात मिळाले नव्हते. पण पाय आता उचलेनात. तळमजल्याच्या जिन्यावर त्या मटकन बसल्या.

चारला पाच कमी असताना बेलिफ आला. निवृत्तीला आलेला, गुडघ्यांनी बेजार झालेला माणूस.

"मॅडम, तुम्हीपण बाहेरच?"

"आत आहेत हो सगळे. हा बघा, दाराखालून कागद आला."

"मी नाही ना पाहिला येताना. कागद काय, वाऱ्यानंही येतो."

"कांदा परतल्याचा वास येतोय, तो?"

"येतोय की. दर वेळी येतो. पण वासाचं नाव काय लिहू?" तो दोन पायऱ्या सोडून बसला आणि गुडघा चोळू लागला. "आधी दम खातो, मग दारं वाजवतो. सकाळपासून सातवी इमारत ही."

"माझी तिसरी बस," वकीलबाई म्हणाल्या. डोकं भिंतीला टेकलं आणि पुढच्या मिनिटाला त्या घोरू लागल्या.

बेलिफाने अकरा दारं वाजवली. शांतता. खाली येऊन त्याने वही उघडली, तारीख घातली आणि 'इमारतीत कोणी' इथवर लिहिलं. तेवढ्यात मागून कडी वाजली.

काकू दारात उभ्या होत्या. "अगंबाई! हे घोरणं आपल्या बाईंचंच!"

समितीच्या प्रत्येक बैठकीत दुसऱ्या मजल्यावरचे कंपाउंडर तासभर भाषण करायचे आणि प्रत्येक भाषणात वकीलबाईंचा डोळा लागायचा. त्यामुळे आवाज बसला तरी घोरणं सगळ्या इमारतीला पाठ होतं. नियम केले त्यांनी, आणि आता त्यांनाच जिन्यावर पडावं लागलं, या विचाराने काकूंना भरून आलं. "उशी आणा रे कोणीतरी!"

पटापट दारं उघडली. तीन उशा आल्या. कोणाची मऊ यावरून कुजबुजत भांडण जुंपलं. कंपाउंडर नाडी बघायला बसले. बेलिफाच्या हातात चादरीचं एक टोक आलं, ते त्याने मुकाट्याने धरलं आणि अंथरून झाल्यावर पुन्हा वही उघडली.

वकीलबाई जाग्या झाल्या तेव्हा सहा वाजून गेले होते. "बेलिफ! गेला तो?"

"केव्हाच. सगळ्यांची नावं लिहून गेले बिचारे. म्हणाले, बाईंना उठवू नका."

अहवालात त्याने, नेहमीप्रमाणे, दिसलं ते लिहिलं. अकरा कुटुंबं राहती आढळली. शिवाय जिन्यावर उशी-चादरीसह एक बाई गाढ झोपलेली आढळली. कोर्टाने ताब्याचा अर्ज फेटाळला.

मालक हार मानणारा नव्हता. महिन्याभरात त्याने नव्या नोटिसा काढल्या, आणि या वेळी त्याच्या माणसांनी यादी अहवालावरूनच उतरवली. नोटिसा निघाल्या बारा. बारावीवर लिहिलं होतं, 'भाडेकरू क्रमांक १२, जिन्यावरील बाई, नाव माहीत नाही. पंधरा दिवसांत जागा खाली करावी.'

वकीलबाईंनी ती दोनदा वाचली आणि जिन्यावर, आपल्या नेहमीच्या पायरीवर, बसल्या.

"घाबरायचं नाही," काकूंनी धीर दिला. "नियम माहीत आहेत ना? काही झालं तरी दार उघडायचं नाही."

"काकू, मला दार कुठंय?"

काकूंनी वकीलबाईंना हाताला धरून उठवलं, आत घेतलं आणि कडी घातली.