नाव नाय, स्वभाव सांगतो

तात्या कुणाच्याही घरी गेले की आधी उंबऱ्याशी थांबून चपला बघतात. "सूनबाई रुसलीय," असं तिथूनच जाहीर करतात. सून बहुतेक वेळा त्यानंतर रुसते.

तात्या कुडपणच्या बाजूच्या आमच्या गावचे निवृत्त पोलीस पाटील. मी तिथल्याच शाळेत मास्तर. काही वर्षांपूर्वी गावातला धोंडू त्याच्याच गोठ्यात मेलेला सापडला. डोक्यात दांडक्याचा घाव होता. पंच म्हणून मला बोलावलं. फौजदार रक्त बघत होते आणि तात्या दावण.

"मास्तर, मन बघा, मन! अंगावर घोंगडी टाकलीय. गुरांना वैरण घातलीय. कुत्री शिरू नयेत म्हणून भायेरून कडी लावलीय. मारणारा तापट हाय, पण गुरांत वाढलेला. धोंडूच्या रोजच्या बसण्याउठण्यातला."

"नाव सांगा," फौजदार वैतागले.

"नाव नाय, स्वभाव सांगतो."

सांगितलेला स्वभाव तंतोतंत तात्यांचाच निघाला. तापटपणा, गुरांवर जीव, धोंडूशी लहानपणापासूनची दोस्ती, सगळं जुळलं. फौजदारांनी त्यांनाच पोलादपूरच्या ठाण्यात संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. तात्या खूश होऊन परतले. "पटलं म्हणायचं त्यांना!"

खुनी काही सापडला नाही. महाडच्या कारखान्यांतली माणसं बसमधून उतरली की तात्या अजून गुरांच्या दाव्याचे घट्टे शोधत त्यांचे हात न्याहाळतात. लोक हसतात. मीही हसायचो.

मागच्या महिन्यात त्यांच्यासोबत धोंडूच्या बायकोकडे गेलो. म्हातारीने चहा दिला, स्वतः घेतला नाही. जरा वेळाने म्हणाली, "तात्या, परत सांगा. ह्यांना शेवटी पाणी मिळालं आसंल का वो? घोट घेतला की घशाखाली उतरत नाय."

"मिळालं, वयनी. रिकामा तांब्या उशाशी व्हता. मारल्यावर त्याला पस्तावा झाला. त्यानंच पाजलं."

पंचनाम्यावर माझी सही आहे. त्या गोठ्यात तांब्या नव्हता.

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. "मास्तर, तुमी पण व्हतात ना तिथं?"

तात्या खाली मान घालून बसले होते. इतकी वर्षं दोस्ताच्या मरणात हा माणूस काहीतरी बरं शोधत होता, आणि मी त्याला हसत होतो. मला माझी लाज वाटली.

"होतो," मी म्हणालो. "तांब्या मीही बघितला. रिकामाच होता."

म्हातारी उठली. माठातून पेलाभर पाणी घेतलं आणि आमच्यासमोर उभ्याने प्यायली.