हार्पवरचे डाग

डाग दिसला की सभागृहाच्या सफाईवाल्या मावशींचा हात शिवशिवायचा. त्या दुपारी रंगमंचावर माणसाहून उंच हार्प, ते परदेशी तंतुवाद्य, उभी होती. तारा पांढऱ्या, पण मधूनच एखादी लाल, एखादी काळी. मावशींनी काचा पुसायचं औषध आणलं आणि एकूण एक तार लख्ख केली.

हार्प वाजवणाऱ्या ताई आल्या आणि दारातच थबकल्या. "माझ्या लाल तारा कुठे गेल्या?"

"गेले डाग," मावशी समाधानाने म्हणाल्या. "काळे जरा चिवट निघाले."

व्यवस्थापकांनी कपाळावर हात मारला. "अहो, खुणा होत्या त्या. एवढ्या तारांतून बोटं त्यांच्याच आधाराने वाट काढतात. तीन तासांवर कार्यक्रम आलाय. उद्यापासून येऊ नका तुम्ही."

एकोणीस वर्षांची नोकरी एका फडक्यात पुसली गेली.

"थांबा हो," ताई म्हणाल्या. "मावशी, कुठल्या कुठल्या होत्या, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? मीच घासल्यात."

ओलाव्याने सूरही उतरले होते. ताई ते लावत गेल्या आणि मावशी तिकीटखिडकीवरचे लाल-काळे मार्कर घेऊन खुणा करत गेल्या. एकही चुकली नाही.

संध्याकाळी ताई एकट्याच बसल्या. साथीला कुणी नाही. जॅझ वाजवणार होत्या, आणि प्रत्येक रचना जगाच्या नजरेतून सुटलेल्या एकेका बाईसाठी. अख्ख्या गावाची बाळंतपणं करणाऱ्या सुईणीची रचना आली. सूर अडले, कण्हले, आणि मग एक कोवळा स्वर असा उमटला, की पडद्याआड बादली घेऊन उभ्या असलेल्या मावशींनी ती खाली ठेवून हात जोडले. देवापुढे उभं राहावं तशा त्या उभ्या होत्या.

"शेवटची रचना इथल्याच एका बाईसाठी," ताई म्हणाल्या. "मी पत्राने नाव मागवलं होतं. व्यवस्थापकांनी कळवलं, आमच्याकडे अशी कुणी आढळली नाही. मला दुपारी आढळली."

मावशींनी वळून पाहिलं. मागे फक्त बादली.

"साहेब, कोण हो ती?" त्यांनी शेजारी उभ्या व्यवस्थापकांना विचारलं.

व्यवस्थापकांनी बादली उचलली. "जा मावशी, पुढे जा. आणि... उद्या वेळेवर या."

त्या झगझगीत उजेडात आल्या. हजार डोळे त्यांच्यावर. मावशींना दिसला तो फळीवर पडलेला मार्करचा लाल ठिपका. कमरेचं फडकं काढून त्या वाकल्या.

त्यांचा नमस्कार समजून सगळं सभागृह उभं राहिलं.