तात्या ठोकून बघतात

आमच्या कारखान्यात आलेली कोणतीही वस्तू तात्या आधी ठोकून बघतात. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी त्यांच्याकडे दहा-अकराचा पाना असतो. ओतीव भाग आला की तो हातात टांगता धरायचा, पान्याने हलकेच टक् करायचं आणि कान जवळ न्यायचा. आवाज खणखणीत घुमला तर माल चांगला. बद्द आला तर आत कुठेतरी तडा आहे. इथपर्यंत यात शास्त्र आहे. पण तात्या कपाट, कलिंगड, दिवाळीच्या मिठाईचा डबा आणि नव्या इमारतीची भिंतही याच पद्धतीने तपासतात. थोरल्या मुलीला बघायला आलेल्या मुलाच्या पाठीवर त्यांनी बोलता बोलता दोनदा बोटाने टकटक केलं होतं, असं त्यांच्या घरचेच सांगतात. लग्न झालं. जावई अजूनही तात्यांकडे पाठ करून बसत नाहीत.

"माल सोता बोलतो, मास्तर," ते मला सांगतात. "आपुन फकस्त कान द्यायचा." हे सांगणारा माणूस स्वतः सकाळी नऊपासून अखंड बोलत असतो, ही गोष्ट वेगळी.

तात्या म्हणजे नामदेव गुंजाळ, गाव पुणतांबा, आमच्या खरेदी विभागाचे प्रमुख. कोपरगावजवळच्या आमच्या कारखान्यात विहिरीत सोडायच्या मोटारी बनतात. शेतकरी त्यांना पाणबुडी म्हणतात. मी तक्रारींच्या काउंटरवर बसतो, माझ्या शेजारी संगीता बसते. मी मास्तर नाही, कधी नव्हतोही. ड्रॉवरमध्ये पुस्तक असतं, एवढ्यावर तात्यांनी मला ही पदवी दिली.

काउंटर आणि खरेदी विभाग यांच्यामध्ये फक्त अर्ध्या उंचीची काच आहे. त्यामुळे रोज अकरा वाजता काउंटरच्या फोनवर माझ्या पत्नीचा, सुमनचा फोन येतो हे तात्यांना पाठ होतं. बोलण्यात विशेष काही नसायचं. गॅस आला. मागच्या दाराची कडी बसत नाही. येताना मेथी मिळाली तर बघा. दोन मिनिटांत संपायचं. पण घंटा वाजली की काचेपलीकडून आवाज यायचा, "मास्तर, अकराची कंप्लेंट आली. गॅरंटीत हाय का बघा." हा विनोद त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही बदलला नाही. सुमनलाही तो ऐकू जायचा. "त्यांना सांगा, गॅरंटी केव्हाच संपली," असं ती म्हणायची, आणि मी तो निरोप पलीकडे द्यायचो.

गेल्या उन्हाळ्यात सुमन गेली. तात्या घरी भेटायला आले आणि अर्धा तास बोलले. पाण्याच्या टाकीबद्दल. जाताना अंगणातल्या आमच्या टाकीवर त्यांनी पान्याने एकदा टक् केलं, म्हणाले, "टाकी चांगली हाय," आणि चप्पल शोधत बराच वेळ दारात उभे राहिले. चप्पल त्यांच्या पायातच होती.

मी कामावर परत आलो खरा, पण फोनवर माझं काहीतरी अडलं. रिसीव्हर उचलून "बोला" म्हणायचो, पलीकडचा माणूस बोलायचा, आणि मग माझ्याकडून शब्द निघत नसे. सगळं ऐकायला यायचं. उत्तरही डोक्यात तयार असायचं. सारखे फोन करणाऱ्या काष्टीच्या आप्पांनी तर एकदा विचारलं, "पलीकडं मानूस हाय का नुसता डबा?" माझे फोनही संगीताला घ्यावे लागले आणि तिचा पारा चढत गेला. "आप्पा, मोटर विहिरीत सोडलीय का ताकात?" हे तिने आप्पांनाच विचारलं. काउंटरचे फोन रेकॉर्ड होतात. ते बोलणं मालकांच्या मुलीने, रेवाताईंनी ऐकलं. कारखाना आता त्याच बघतात.

रेवाताईंनी आम्हाला दोघांना बोलावलं. त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "लोकांशी बोलायचं कसं, याचं बाहेरच्या माणसाकडून ट्रेनिंग घेऊ. सॉफ्ट स्किल म्हणतात त्याला. तीन महिने बघू. फरक पडला नाही तर काउंटर बंद करून काम पुण्याच्या कंपनीला द्यावं लागेल. संगीता, तू पॅकिंगला जाशील." माझं काय होईल ते त्या बोलल्या नाहीत. मला ते समजलं.

बाहेरून काही आणायचं म्हणजे खरेदी, आणि खरेदी म्हणजे तात्या. त्यांनी मागणीचा नेहमीचा छापील फॉर्म काढला. वर्णन: बोलायचं शिक्षण. नग: एक. वजन: लागू नाही. मग अटी घातल्या. तीन ठिकाणांहून कोटेशन. आधी नमुना. त्यानंतर चाचणी. आणि गॅरंटी म्हणून तीन महिन्यांनी एक फेरी फुकट.

"तात्या, ही माणसं आहेत," रेवाताई म्हणाल्या.

"मोटरबी मानसंच बनवत्यात, ताई. तिला गॅरंटी देतो, मंग ह्यास्नी का न्हाई?"

चाचणी कसली, हे आम्हाला लवकरच कळलं. आमची प्रत्येक मोटर बाहेर जाण्याआधी हौदात बुडवून अर्धा तास चालवतात. तात्यांचं म्हणणं, शिकवणाऱ्यालाही अर्धा तास हौदात सोडायचा. हौद म्हणजे आमचा काउंटर. फोन खरे, शेतकरी खरे. वापरणारा माणूस खरेदीला हवा, या नियमाने त्यांनी मलाही निवड समितीत घेतलं. समितीत ते आणि मी एवढेच होतो.

पहिले गृहस्थ पुण्याहून आले. बूट असे चकचकीत की त्यात छताचा पंखा दिसत होता. त्यांनी पडद्यावर डोंगर चढणारी माणसं दाखवली, आम्हाला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या आणि शेवटी फ्रेमसकट सर्टिफिकेट मिळेल असं सांगितलं. तात्यांनी फ्रेम ठोकून बघितली. मग गृहस्थांना काउंटरवर बसवलं. पहिलाच फोन आप्पांचा. मोटर घुं घुं करते, पाणी येत नाही.

"सर, मी तुमची अडचण पूर्णपणे समजू शकतो," गृहस्थ गोड आवाजात म्हणाले.

"समजू शकता ना? मंग पानी का येत न्हाई ते सांगा."

"सर, सर्वात आधी आपण एक खोल श्वास घेऊ या."

आप्पांनी घेतला की नाही कळलं नाही. पुढची चार मिनिटं ते जे बोलले, ते बोलताना श्वास घ्यायला जागा नव्हती.

चाचणी झाल्यावर तात्या मला म्हणाले, "मास्तर, जरा चहाचं बघून या. एक शेवटचा प्रश्न ऱ्हायलाय." मी कॅन्टीनकडे गेलो. काचेतून दिसलं, तात्या काहीतरी विचारतायत आणि गृहस्थ हात हलवत भरभर सांगतायत. परत आलो तेव्हा तात्या पाना खिशात ठेवत होते. "बद्द," ते मला नंतर म्हणाले.

दुसरे नगरचे. आवाज भरदार, मिशी त्याहून भरदार. त्यांचा भर शिस्तीवर होता. फोन करणाऱ्याने आधी नमस्कार म्हणावं, मग नाव, गाव, मोटरचा नंबर, मग तक्रार, असा त्यांचा क्रम होता. आप्पांना त्यांनी तीन वेळा पहिल्यापासून सुरू करायला लावलं. चौथ्या वेळी आप्पांनी फोन ठेवला, मोटर टेम्पोत घातली आणि संध्याकाळी गेटवर आणून टाकली. तोवर गृहस्थ निघून गेले होते. पण त्याआधी मला चहाचं बघायला जावं लागलंच होतं. या वेळी काचेतून दिसलं की ते उभे राहून तात्यांच्या खांद्यावर थाप मारून दाखवतायत.

आता मला शंका येऊ लागली. तात्यांच्या खात्यात परत आलेल्या मोटारींबद्दल एक ठरलेला प्रश्न असतो: रिपेर का भंगार. प्रत्येक वेळी मलाच बाहेर पाठवून ते माझ्याबद्दल दुसरा कोणता प्रश्न विचारणार? मी संगीताला तसं बोललो.

"तुमचं कायतरीच, सर," ती म्हणाली. "तात्यांना गुपित ठेवता येतं का? त्यांच्या जावयाला पाठीत किती हाडं हायेत ते सगळ्या कोपरगावाला म्हाईती हाय."

तिसऱ्या श्रीरामपूरच्या मनीषाताई. एसटीने आल्या, कापडी पिशवी घेऊन. एका सरकारी दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर त्यांनी बरीच वर्षं काढली होती. पडदा वगैरे त्यांनी मागितला नाही. "आधी मला एक मोटर उघडून दाखवा," म्हणाल्या. तासभर त्या वाइंडिंग आणि बेअरिंग बघत बसल्या. तात्या इतके खूश झाले की त्यांना मुद्दाम पाना हाताळायला दिला.

काउंटरवर फोन आला. आप्पाच. दुरुस्त करून नेलेली मोटर पुन्हा बंद पडली होती.

"आप्पा, पाणी कशाला लागतंय? पिकाला का जनावरांना?"

असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "जनावरांना. सकाळपासनं तहानल्यात."

"मग ती आधी. शेजारच्यांच्या विहिरीवरून एक हौद भरून घेता येईल का? मेकॅनिक कधी निघतोय ते विचारून मी पंधरा मिनिटांत तुम्हाला फोन करते."

बाराव्या मिनिटाला त्यांनी खरंच फोन केला.

मला चहाचं बघायला जावं लागलं. या वेळी काचेतून वेगळं दिसलं. तात्यांनी प्रश्न विचारला आणि मनीषाताई बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग दोन-चार वाक्यं. त्यावर तात्या मान हलवून नाही म्हणत होते, आणि त्या हसत होत्या.

तुलनेच्या तक्त्यात मनीषाताईंच्या नावापुढे सर्टिफिकेट नाही, पडदा नाही, फ्रेम नाही. तरी तात्यांनी त्यांनाच निवडलं. रेवाताई म्हणाल्या, कारण लिहा. शेऱ्याच्या रकान्यात तात्यांनी लिहिलं: आवाज स्वच्छ.

दुसऱ्या दिवशीपासून तात्यांचं काहीतरी बिघडलं. अकरा वाजता ते काच ओलांडून आले, माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढली आणि बसले. गप्प. चहा आला, तो प्यायले. दहा मिनिटांनी टेबलावर एकदा टक् केलं, "चला," म्हणाले आणि गेले. तिसऱ्या दिवशीही तसंच. गप्प बसताना त्यांच्या कपाळावर घाम यायचा. मध्येच तोंड उघडायचे आणि घड्याळाकडे बघून मिटायचे.

"तात्या, दाढ दुखती का?" संगीताने विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली.

मला वाटलं, माझी पाहणी चालू आहे. अहवाल जाणार. मी पुस्तक ड्रॉवरमध्ये ठेवून ताठ बसू लागलो.

पुढे ट्रेनिंग सुरू झालं. न बोलावता तात्या शेवटच्या बाकावर येऊन बसत. मनीषाताईंनी शिकवलेलं फार नव्हतं. ऐकलेली तक्रार एकदा परत म्हणून दाखवा. पाणी कशाला हवंय ते विचारा. वेळ सांगितली तर पाळा. संगीता दोन आठवड्यांत तयार झाली. आप्पा आता आधी तिची खुशाली विचारतात. मला बाजूला घेऊन ताई म्हणाल्या, "तुम्ही चांगलं ऐकता. पण तुम्ही ऐकताय हे पलीकडे पोचत नाही. मध्येमध्ये नुसतं हं म्हणा. पुढचं येईल."

मी हं म्हणू लागलो. फोनवर ते जमलं. आणि एके दिवशी अकरा वाजता, समोर तात्या घाम पुसत बसले असताना, माझ्या तोंडून निघालं, "मागच्या दाराची कडी अजून बसत नाही."

"हं," तात्या म्हणाले.

मग मी आणखी बोललो. मेथीबद्दल, गॅसच्या नंबराबद्दल, सुमन फोन ठेवण्याआधी नेहमी "बरं मग" म्हणायची त्याबद्दल. तात्या हं म्हणत राहिले. रविवारी ते घरी आले आणि पाना वापरून कडी बसवून गेले. तिच्यावर टक् केलं नाही.

तीन महिने संपले त्या दिवशी रेवाताई काउंटरवर येऊन बसल्या. गॅरंटीच्या फेरीसाठी मनीषाताईही आल्या होत्या. अकराला फोन वाजला. संगीताने हात पुढे केला नाही. मी उचलला. कोपरगावजवळचेच एक शेतकरी होते, मोटर सारखी बंद पडत होती. मी ऐकलं, हं म्हणालो, त्यांचं म्हणणं त्यांना परत सांगितलं, पाणी कशाला हवंय विचारलं, दुपारी दोनची वेळ दिली. शेवटी ते म्हणाले, "बरं मग." मीही म्हणालो, "बरं मग." फोन ठेवला. रेवाताई उठल्या. "काउंटर इथेच राहील," एवढंच म्हणाल्या. संगीताने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच तो घामासाठी होता असं सांगितलं.

एसटी स्टँडवर सोडायला जाताना मी मनीषाताईंना विचारलं, "तात्यांनी तो शेवटचा प्रश्न काय विचारला होता? रिपेर का भंगार?"

त्यांना आधी समजलंच नाही. मग म्हणाल्या, "ते म्हणाले, एका माणसाला रोज अकरा वाजता बायकोचा फोन यायचा. आता ती नाही. अकरा वाजता त्याच्याशी काय बोलायचं?"

मी गाडी बाजूला घेतली.

"मी म्हटलं, मला माहीत नाही. पण अकरा वाजता तुम्ही तिथे जाऊन बसा, बोलू नका. तर म्हणाले, ताई, ते लई अवघड हाय, दुसरं कायतरी सांगा. मी म्हटलं, दुसरं काही नाही माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तात्या आले, खुर्ची ओढली आणि घड्याळाकडे बघत ओठ मिटून बसले. मला जे कळलं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. चहा त्यांच्याकडे सरकवला आणि म्हणालो, "तात्या, बोला की."

"बोलू?" त्यांनी विचारलं.

"बोला."

तात्यांनी पाना काढून टेबलावर ठेवला आणि एका सप्लायरने पाठवलेल्या, आतून तडकलेल्या बेअरिंगची गोष्ट सुरू केली. ती मी आधी वीसेक वेळा ऐकलेली आहे. साडेअकरा वाजले तरी बेअरिंग ट्रकमधून उतरलं नव्हतं. मी हं म्हणत राहिलो.