दुरुस्त झालेली खरखर

शनिवारी संध्याकाळी आपण सभागृह डोक्यावर घेणार, याबद्दल कवळीशेठला तिळमात्र शंका नव्हती. शहरातल्या निम्म्या दंतवैद्यांसाठी तो कवळ्या बनवायचा, म्हणून डॉक्टरमंडळींनी त्याला हे नाव ठेवलं होतं. त्यांच्याच वार्षिक संमेलनात त्याला माउथ ऑर्गनवर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतलं दुखऱ्या मनाचं संगीत, वाजवायला पंधरा मिनिटं मिळाली होती.

"हातातल्या बशा आधी खाली ठेवायला सांगा," त्यानं अध्यक्षांना बजावलं होतं. "फुटल्या तर मी जबाबदार नाही."

ब्लूज वाजवताना माउथ ऑर्गन आणि माइक एकाच ओंजळीत घट्ट धरतात, आणि आवाज लागतो तो भांडून भांडून घसा बसलेल्या माणसाचा. तो मिळवायला त्यानं आठ महिने घालवले होते. गायकांचा महागडा माइक घेतला, तर बातम्या वाचल्यासारखं वाटायचं. मोठा स्पीकर लावला, तर शाळेची प्रार्थना सुरू झाल्यासारखं. शेवटी भंगारवाल्याकडे एक मुठीएवढा माइक सापडला, कुठल्याशा स्टेशनवर घोषणा करून करून थकलेला. सोबत एक लाकडी अ‍ॅम्प्लिफायर मिळाला. त्याच्या आठ इंची स्पीकरचा कागद एका कडेला फाटला होता. दोन्ही जोडून पहिली फुंकर मारली, खर्र झालं, आणि कवळीशेठच्या अंगावर काटा आला. हाच तो आवाज.

गुरुवारी तो कामावरून आला, तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर जेवणाच्या टेबलावर होता आणि सासरे त्यावरून मऊ फडकं फिरवत होते. ते चार दिवस राहायला आले होते. त्यांनी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं होतं.

"जावईबापू, किती दिवस सहन करत होतात?" ते म्हणाले. "काल तुमचा सराव ऐकला आणि मला झोप लागेना. स्पीकर पार फाटला होता. नवा टाकला. आता वाजवा."

कवळीशेठनं वाजवलं. आवाज असा निघाला, जणू नुकतीच आंघोळ करून, भांग पाडून आला होता. त्यानं बोलायला तोंड उघडलं.

बायकोनं त्याला ओढत स्वयंपाकघरात नेलं. "डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून बाबांनी सोल्डरिंगला हात लावला नव्हता. तीन वर्षं. आपल्याच्यानं आता काही होत नाही म्हणून बसून असायचे. आज सकाळपासून शीळ घालतायत. तू एक अक्षर बोललास तर बघ."

एक अक्षर बोलायचं नाही म्हटल्यावर त्यानं आडून आडून सुरुवात केली.

"बाबा, आवाज छान झालाय. फक्त जरा जाड हवा होता."

"जाड ना? सोपं आहे." सासऱ्यांनी तासाभरात बारा इंची स्पीकर आणून बसवला. खोकं पुरेना, म्हणून खोकंही नवं केलं.

"म्हणजे जाड असं नाही, बाबा. थोडा घोगरा."

"घसा बसल्यासारखा?"

"हो. अगदी तसाच."

सासरे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "जावई असावा तर असा," ते मुलीला म्हणाले. "एवढं टेन्शन डोक्यावर, तरी गंमत करतो."

शुक्रवारी दुपारी ते डुलकी घेत असताना कवळीशेठ मेण कोरायची कोरणी घेऊन स्पीकरपुढे उकिडवा बसला. कागदाला टोक टेकवलं, एवढ्यात मागून आवाज आला, "काय राहिलं का माझ्याकडून?"

"नाही, नाही. धूळ काढत होतो."

"बाजूला व्हा. तुम्ही कलाकार माणूस, तुम्ही कशाला?" सासऱ्यांनी चष्मा चढवला. "आणि तो माइकही द्या इकडे. त्याचा आतला भाग मेलाय. तुम्हाला कसं कळलं नाही, याचंच नवल वाटतं."

संध्याकाळपर्यंत माइकही ठणठणीत बरा झाला. दुसरा कुठे मिळतो का, म्हणून कवळीशेठनं सगळे भंगारवाले पालथे घातले.

शनिवारी सासरे इस्त्रीचा कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते. शेजारच्या डॉक्टरीणबाईंना ते सांगत होते, "यंत्र मी केलंय." कवळीशेठनं ओंजळ घट्ट आवळली, डोळे मिटले आणि वाजवायला लागला.

सगळं ऐकू आलं. चुकलेले सूर तर आलेच, सूर चुकल्यावर त्यानं जीभ चावली तीही ऐकू आली. धाप, आवंढा, नाकातला सूं सूं आवाज, सगळं शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचलं. आठ महिने त्या खरखरीखाली काय काय सुखानं नांदत होतं, ते त्याला पहिल्यांदाच कळत होतं. पंधरा मिनिटांची वेळ त्यानं सात मिनिटांत संपवली. टाळ्या पडल्या, पण बशी खाली ठेवून वाजवाव्यात असं कुणाला वाटलं नाही.

अध्यक्ष जवळ आले आणि काळजीनं म्हणाले, "वरची डावी दाढ हलतेय का हो तुमची? मधूनमधून शिट्टी येत होती. सोमवारी दाखवून जा."

परतीच्या टॅक्सीत बायको खिडकीबाहेर पाहत होती. सासऱ्यांच्या मांडीवर माइक होता. ते तो उलटसुलट करत राहिले. दोन चौक गेल्यावर त्यांनी घसा खाकरला.

"जावईबापू, चाळीस वर्षांत मी कुणाचं यंत्र मुद्दाम बिघडवलेलं नाही."

"नाही, बाबा."

"तुमचं मात्र उद्या बिघडवून देतो."