आपल्याच माणसाचा चेंडू

डेल्बर्ट व्रोनानं सकाळी सहालाच ऑटर्स या गावच्या बेसबॉल संघाची टोपी डोक्यावर चढवली आणि ती तशीच ठेवून दाढी केली.

"अरे, सामना एक वाजता आहे," त्याची बायको लोरेन म्हणाली.

"माहितीये. पण स्टेडियम नवीन आहे. आपली जागा सापडायला वेळ लागेल."

"जागेवर नंबर असतो, डेल."

"म्हणूनच म्हणतोय ना!"

जुन्या मैदानात नंबर-बिंबर काही नव्हतं. मागच्या लाकडी बाकांवर डेल्बर्ट एकतीस वर्षं एकाच ठिकाणी बसला होता आणि त्या काळात ऑटर्स बहुतेक वेळा हरले होते. पण या हिवाळ्यात मालकाला काय झालं कोण जाणे. त्यानं नवं स्टेडियम बांधलंच, वर थैलीचं तोंड असं काही सोडलं की दर आठवड्याला एक नवा खेळाडू. सगळं शहर हवेत गेलं. अंतिम सामने ऑक्टोबरात, म्हणून फादरनी रविवारच्या प्रवचनात सांगून टाकलं की त्या महिन्यात कुणी लग्नाची तारीख मागू नये.

सगळ्यात मोठा मासा म्हणजे एलिसेओ तावेरास. हा आठ वर्षं मार्शल्स या वैरी संघाकडून खेळला आणि आठही वर्षं त्यानं ऑटर्सना धू धू धुतलं. डेल्बर्टनं त्याला घसा बसेपर्यंत शिव्या घातल्या होत्या. आता तो आपला झाला म्हटल्यावर डेल्बर्ट इतका खूश झाला, की नाताळात त्यानं लोरेनला तावेरासच्या नावाचा सदरा आणला.

मागच्या बाकांचा एक धर्म होता. पाहुण्या संघातल्या कुणी होमरन, म्हणजे आपल्या क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका मारला आणि चेंडू आपल्यात येऊन पडला, तर तो खिशात घालायचा नाही. तिथल्या तिथं मैदानात परत भिरकवायचा. ज्यानं ठेवून घेतला त्याच्याशी वर्षभर कुणी बोलत नसे. डेल्बर्टनं आजवर सहा चेंडू परत फेकले होते. त्यातले तीन तावेरासचे.

नव्या स्टेडियमच्या दारात मात्र पाटी होती: मैदानात कोणतीही वस्तू फेकल्यास बाहेर काढण्यात येईल व जागा कायमची रद्द होईल.

"वाचलंस?" लोरेननं विचारलं.

"चेंडू ही काय वस्तू आहे होय? तो मैदानाचाच असतो."

पहिला सामना नेमका मार्शल्सशीच होता. तिसऱ्या डावात डेल्बर्ट सॉसेज आणायला म्हणून उठला आणि हरवला. एका दुकानात जपानी मासे, दुसऱ्यात कसलीशी पानं, तिसऱ्यात नुसताच रस. सॉसेज कुठं मिळतं म्हणून ज्याला विचारावं तो फोनवर नकाशा दाखवायचा. अख्ख्या स्टेडियमला प्रदक्षिणा घालून, वीस-पंचवीस मिनिटांनी तो नूडल्सचा वाडगा घेऊन परत आला. तो आपण का घेतला हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

किती झाले, कुणाची पाळी, काही पत्ता लागेना. एवढ्या थोरल्या पडद्यावर गाद्यांची जाहिरात चाललेली. ऑटर्स घरच्या मैदानावर जन्मभर पांढऱ्या कपड्यांत खेळलेले. आज उद्घाटनाचा खास पोशाख म्हणून त्यांना गर्द हिरवा चढवला होता. आणि गर्द हिरवा हा मार्शल्सचा रंग! तेवढ्यात डेल्बर्टला दिसलं, की हिरव्या कपड्यांत, बॅट खांद्यावर घेऊन, तावेरास उभा आहे.

"मेलो!" तो आठ वर्षांच्या सवयीनं पुटपुटला.

खाडकन आवाज झाला. चेंडू वर वर गेला, मोठा मोठा होत आला आणि नेमका नूडल्सच्या वाडग्यात पडला. सगळे उड्या मारायला लागले. 'बघा, मार्शल्सवाल्यांनी सगळी तिकिटं लाटली,' असं म्हणत डेल्बर्टनं चेंडू बाहेर काढला, विजारीला पुसला आणि सगळी ताकद लावून मैदानात भिरकावला.

चाळीस हजार माणसं एकदम गप्प झाली. गाद्यांची जाहिरात गेली आणि पडद्यावर डेल्बर्ट आला, मिशीला नूडल लागलेला.

"काय झालं? हे असे का बघतायत?" त्यानं लोरेनला विचारलं.

लोरेननं त्याच्याकडे पाठ केली. पाठीवर ठळक अक्षरांत तावेरासचं नाव होतं.

"अरे देवा! हा आपला!" डेल्बर्ट मटकन खाली बसला. डोक्याला सगळं माहीत होतं. हाताला कुणी कळवलं नव्हतं.

सुरक्षारक्षकांनी त्याला खाली कचेरीत नेलं. तिथल्या मिसेस हेंडरशॉट फार गोड बोलणाऱ्या होत्या.

"मिस्टर व्रोना, नव्या स्टेडियममधला पहिला होमरन होता तो. आणि आपल्याच माणसाचा. तुमची जागा रद्द करावी लागणार."

"बाईसाहेब, एकतीस वर्षं हरताना बघितलंय हो मी. आता कुठं जिंकायची वेळ आली आणि मीच बाहेर?" त्यानं टोपी काढून हातात धरली. "दंड करा, झाडू मारायला लावा, पण जागा काढू नका."

"नियम म्हणजे नियम."

सामना संपला. ऑटर्स हरले. होमरननंतर तावेरासला एकही चेंडू धड लागला नव्हता. थोड्या वेळानं तोच दार ढकलून आत आला.

"चेंडू परत फेकणारे काका हेच ना?" त्यानं विचारलं.

डेल्बर्टनं मान खाली घातली. "चुकलो रे बाबा. गोंधळ झाला माझा."

"माझा नाही झाला? चेंडू परत आलेला बघितला आणि मी सवयीनं मार्शल्सच्या बाकावर जाऊन बसलो! त्यांनी पाणीसुद्धा दिलं." तावेरास खुर्चीत बसला. "बाई, यांना काढू नका. आठ वर्षं हे मागून बोंबलायचे, 'तावेरास, बॅट उलटी धरलीयेस!' मग मला असा राग यायचा, की चेंडू आपोआप जायचा. आज यांना नेलं आणि उरलेले सगळे प्रेमानं माझं नाव घ्यायला लागले. हात-पाय गार पडले माझे."

मिसेस हेंडरशॉटनी कागद काढला आणि लिहून दिलं: जागा कायम, एका अटीवर.

दुसऱ्या दिवशी, शेवटच्या डावात, तावेरास खेळायला आला. सगळं स्टेडियम टाळ्या वाजवत उठलं. डेल्बर्टही उठला.

"तावेरास, चालता हो! तुझ्यापेक्षा माझी सासू बरी मारते!"

पुढच्या रांगेतला गृहस्थ भडकून मागं वळला. "लाज नाही वाटत? आपल्याच माणसाला?"

"वाटते हो," डेल्बर्ट कळवळून म्हणाला. "पण इलाज नाही."

तेवढ्यात खाडकन आवाज झाला. चेंडू थेट स्टेडियमच्या बाहेर गेला. ऑटर्स जिंकले! लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. डेल्बर्टला राहवेना, त्यानं कडकडून टाळ्या वाजवल्या. लगेच सुरक्षारक्षक शेजारी हजर झाला.

"मिस्टर व्रोना, टाळ्या वाजवल्यात. ही पहिली ताकीद."

लोरेननं पटकन नवऱ्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले. डेल्बर्टच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"नालायका!" तो आनंदानं ओरडला. "परत येऊ नकोस!"