भटूनानांच्या दारातलं घंगाळ

भटूनानांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा मी त्यांच्या इंटरनेटवर हात धुतले.

यात माझा फारसा दोष नाही. बाजारातून लाल मिरची निवडून आणत होतो, हातांची आग होत होती, आणि नवे शेजारी दारात उभे राहून चहाला बोलवत होते. दाराशी तिवईवर तांब्याचं घंगाळ, त्यावर पितळेची चाळणी, शेजारी पाण्याचा भरलेला तांब्या. भल्या माणसानं आणखी काय करायचं? मी मनसोक्त हात धुतले. चाळणीखाली राऊटर होता. आतल्या खोलीतला टीव्ही मुका झाला. नानांनी घंगाळात डोकावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "आज नेटनी आंघोळ व्हयनी."

नाना शेतकी खात्यातून निवृत्त झाले आणि नंदुरबारला आमच्या कॉलनीत बंगला बांधून राहिले. बंगला कोरा करकरीत, फरशी अशी की पाय टाकायला संकोच वाटावा. आणि आत हे प्रदर्शन. टीव्ही पाळण्यात ठेवलेला. पंखा जोरात असला की बातम्या देणारी बाई झोके घेते. चहाचं टेबल म्हणजे जातं, वर काच, आणि काचेला भोक पाडून वर काढलेला खुंटा. समोरच्याशी बोलायचं तर मान खुंट्याच्या एका बाजूनं काढावी लागते. कोंबड्या झाकायच्या डालक्यात दिवा. फ्रिजच्या दाराला बैलाची घुंगरमाळ. नानांना साखरेचा त्रास आहे, त्यामुळे दुपारी घुंगरू वाजले की जिजी, म्हणजे त्यांच्या मंडळी, झोपेतूनच म्हणतात, "ठेवी द्या."

माझी बायको नाशिकची. तिनं या सगळ्याला फ्युजन म्हटलं. मी भंगार म्हटलं, पण हळू म्हटलं.

नानांचं एक पालुपद होतं. कशालाही हात लावला की म्हणायचे, "बसाडू नको, कामले लाव." पाळणा रिकामा बसला तर त्याला कीड लागते, घुंगरू मुके झाले तर गंजतात, असं त्यांचं शास्त्र. जिजींना ते पटलेलं नव्हतं. "मीच तेवढी जुनी ऱ्हायनू," त्या म्हणायच्या, "माले बी टांगी द्या कोठे तरी."

श्रावणात नानांनी जाहीर केलं की यंदा कानबाई देवी त्यांच्याकडे बसणार. आमच्या खानदेशात कानबाईला भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, त्याचे रोट करतात, आणि ते रोट भाऊबंदांनीच संपवायचे. शेजाऱ्यांना दर्शन मिळतं, रोट नाही. नानांचे भाऊबंद वाटणीनंतर प्रकाशा, धडगाव, सुरत असे पांगले. कानबाई आधी प्रत्येकाच्या घरी वेगळी बसू लागली आणि मग हळूहळू कोणाच्याच घरी बसेना. नानांनी सगळ्यांना फोन केले. सगळे म्हणाले, पाहू. "पाहू" या शब्दाचा आमच्याकडचा अर्थ नानांना माझ्याइतकाच ठाऊक होता. तरी त्यांनी गहू मात्र सगळ्यांच्या नावाचे मोजले.

"आणि कोणी आलं नाही तर?" मी विचारलं.

नाना स्टुलावर चढून डालकं पुसत होते. खाली न बघता म्हणाले, "मानूस मानसले भेटाले येत नही, भाऊ. पन आपली वस्तू कोठे शे, ते पाहाले येस."

मग उलगडा झाला. पाळणा सुरतेच्या पुतण्याचा, त्यानं घर बदलताना टाकलेला. डालकं धडगावच्या चुलतभावाच्या पडवीतलं. ज्याच्या त्याच्या अडगळीतून नानांनी एकेक वस्तू उचलली होती आणि फोनवर प्रत्येकाला एवढंच सांगितलं होतं की तुझं काहीतरी माझ्याकडे आहे.

रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं दर्शनाला गेलो. सगळे आले नव्हते. निम्मे म्हणू. सुरतेचा पुतण्या आपल्या मुलीला पाळण्याजवळ उभं करून सांगत होता की मी यात झोपायचो, आणि मुलगी टीव्हीतल्या बाईकडे संशयानं बघत होती. प्रकाशा गावचे थोरले बंधू वाटणीपासून नानांशी बोलत नव्हते. तेही आले होते, पण दारातच विचारत होते, "हाई काय दुकान मांडेल शे?" त्यांना पाणी द्यायला कोणीतरी फ्रिज उघडला. घुंगरू वाजले. म्हातारा थांबला.

"ह्या ते मन्हा बैलना, हरण्याना घुंगरू शेतस."

मग त्यांनी स्वतः फ्रिज उघडला. लावला. पुन्हा उघडला. आतलं दूध कोमट व्हायची वेळ आली, पण जिजी त्या दिवशी "ठेवी द्या" म्हणाल्या नाहीत. नाना पाठ करून सरळ असलेलं डालकं सरळ करत होते. जरा वेळानं थोरले म्हणाले, "रोट कोठे शेतस?"

निघताना मी गंमत म्हणून विचारलं, "नाना, दारातलं घंगाळ कोणाचं? त्याचा मालक आला का?"

"ज्यानं शे," नाना म्हणाले, "तो पहिलाच दिन त्यामा हात धुई गया."

मी वाकून पाहिलं. एक कडी तारेनं बांधलेली होती. ती तार माझ्या वडिलांनी बांधली होती. नाना राहायला यायच्या आधी भंगारवाल्याला हे घंगाळ देऊन आमच्या घरी स्टीलच्या डब्यांचा सेट आला होता; नानांनी त्याच्याकडून घंगाळासोबत मालकाचं नावही उचललेलं दिसत होतं. तो सेट पसंत करणारी व्यक्ती माझ्या शेजारी उभी राहून कानबाईकडे फार भक्तिभावानं बघत होती.

 घरी आल्यावर कुलूप उघडताना ती म्हणाली, "अधूनमधून जात जा त्यांच्याकडे हात धुवायला. फक्त आत बघून पाणी ओता."